गेमिंग कीबोर्ड घेताय? आधी कूलर कुठं ठेवलाय ते पाहा

गेमिंग कीबोर्डची तुलना म्हटली की स्विचचा रंग, पोलिंग रेट (कॉम्प्युटर सेकंदाला किती वेळा कीबोर्डला विचारतो ते) आणि लाइटा यांवरच गाडी अडते. एसीच्या खोलीत खेळणाऱ्याला ते ठीक आहे. आपल्याकडे विदर्भात, मोर्शी-वरुडपासून वणी-पुसदपर्यंतच्या गावांत, कीबोर्ड वेगळ्याच कारणांनी मरतो. वेचणीच्या दिवसांत घरातच रचलेल्या कापसाचे तंतू, तुरीच्या मळणीचं भूस, कूलरची ओल, खर्रा घोटलेली बोटं आणि उंदीर. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो: इथं सगळ्यात वेगवान कीबोर्ड शोधू नका. जो घरी खोलता येतो आणि तालुक्याच्या मोबाईल रिपेअरवाल्याकडून नीट होतो, तो घ्या. सर्व्हिस सेंटर असलंच तर नागपुरात असतं, आणि एका बटनापायी बर्डीपर्यंत खेप मारणं परवडत नाही.

पाचशे-आठशेत मिळणारा, सात रंगांत झगमगणारा, खोक्यावर ‘मेकॅनिकल फील’ लिहिलेला कीबोर्ड हा मेम्ब्रेनच असतो. ‘सेमी-मेकॅनिकल’ म्हणजेही तेच. दुकानातच एक बटन उपटून पाहा. खाली स्विचची स्वतंत्र डबी दिसली तर मेकॅनिकल. दांडी थेट कीबोर्डच्या अंगातून वर आलेली असेल तर मेम्ब्रेन. मेम्ब्रेनच्या आत प्लास्टिकचे तीन पातळ पत्रे असतात. वरच्या-खालच्या पत्र्यावर सर्किट छापलेलं, मधला भोकांचा. रबराची टोपी दबली की वरचा पत्रा भोकातून खालच्याला टेकतो. म्हणजे बटन तळापर्यंत दाबल्याशिवाय नोंद होत नाही, आणि तासभर खेळलं की बोटं भरून येतात.

पण मेम्ब्रेनला नावं ठेवण्याआधी एक गोष्ट मान्य करावी लागते. संपर्काची जागा पत्र्यांच्या मध्ये झाकलेली असल्यामुळे कापूस आणि धूळ तिथवर सहसा पोचत नाही, आणि आवाजही कमी. अंगणात सगळे झोपलेले असताना मे महिन्यात रात्री खेळायचं असेल तर हा गुण छोटा नाही. बिघाड झाला तर आधी नक्षा पाहा. एकच बटन गेलं असेल तर त्याची टोपी फाटली आहे किंवा खालचा ठिपका झिजला आहे. चार-पाच बटनं एकदम गेली असतील तर बहुतेक वेळा पत्र्याची शेपटी जिथं छोट्या हिरव्या बोर्डावर दाबून बसवलेली असते तिथला संपर्क सुटलेला असतो. मागचे सगळे स्क्रू काढा (एक हमखास स्टिकरखाली लपलेला असतो), ती शेपटी आणि बोर्डावरचे काळे ठिपके कोरड्या मऊ फडक्यानं पुसा, पट्टी घट्ट आवळा. थिनर किंवा पेट्रोल लावाल तर छापलेल्या रेषाच फडक्यावर येतील. पत्राच फाटला असेल तर मात्र तो सुटा कुठंच मिळत नाही, कीबोर्ड भंगारात.

मेम्ब्रेनचा खरा दोष खेळताना कळतो. बटनं आडव्या-उभ्या तारांच्या जाळीवर बसवलेली असतात. एकाच आयताच्या तीन कोपऱ्यांवरची बटनं एकदम दाबली की चौथं न दाबताच दाबल्यासारखं दिसतं. ते टाळायला कंट्रोलर (कीबोर्डमधली चिप) तिसरं बटनच गाळतो. तिरकं पळताना डब्ल्यू आणि ए दाबलेले, शिफ्टवर करंगळी, आणि स्पेस मारला तर उडी लागत नाही, ती यामुळं. खोक्यावरचं ‘१९ की अँटी-घोस्टिंग’ म्हणजे डब्ल्यू-ए-एस-डीच्या आजूबाजूची निवडक बटनं तेवढी सांभाळली आहेत, बाकी रामभरोसे. मेकॅनिकलमध्ये बहुधा प्रत्येक बटनाला एक डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) असतो, म्हणून तिथं ही भानगड येत नाही. दुकानात नोटपॅड उघडा, दोन्ही शिफ्ट एका हातानं दाबून धरा आणि दुसऱ्या हाताच्या एका बोटानं ए ते झेड टाइप करा. जी अक्षरं उमटली नाहीत ती गेममध्येही दगा देऊ शकतात. मग तुमच्या गेमची नेहमीची जुळणी तशीच दाबून पाहा.

आता मेकॅनिकल. सगळ्यांचं माप अजूनही जर्मनीच्या चेरी कंपनीच्या स्विचवरून धरतात. रंग म्हणजे स्विचचा प्रकार. रेडला साधारण ४५ ग्रॅम जोर, २ मिमीवर नोंद, एकूण ४ मिमी चाल. बटन तळाला टेकवावं लागत नाही, हाच आराम. ब्राउनला मध्ये हलकासा अडथळा जाणवतो. ब्लू २.२ मिमीवर टक् वाजतो आणि सोडताना बराच वर आल्यावरच मोकळा होतो, म्हणून तेच बटन भराभर दोनदा मारायच्या खेळात तो मागे पडतो. दुकानात मात्र पोट्ट्यांना ब्लूच आवडतो, कारण आवाजामुळं पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. घरात एकच खोली असेल तर दुसऱ्याच दिवशी आई कीबोर्ड उचलून माळ्यावर टाकेल.

स्वस्त मेकॅनिकलमध्ये आउटेमू, गेटरॉन, काइल यांचे स्विच येतात आणि ते वाईट नसतात. पण मेकॅनिकलची दांडी वरून उघडी असते. तिच्या कडेनं धूळ उतरते आणि धातूच्या दोन पात्यांच्या मध्ये बसते. पाती एकमेकांना टेकताना तशीही क्षणभर थरथरतात. कंट्रोलर पाचेक मिलिसेकंद ती थरथर दुर्लक्षित करतो. धूळ किंवा गंज असला की थरथर लांबते आणि एकदा दाबलेलं बटन दोनदा लागतं. इन्स्क्रिप्टमध्ये ‘काम’ लिहिताना दोन काने पडायला लागले की ओळखा, ई बटनाचा स्विच आजारी आहे.

इथं कूलरचा मुद्दा येतो. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या त्या पट्ट्यात, कूलरच्या जाळीवर पांढरा थर बसतो तो पाण्यातल्या क्षारांचा. समोरून झोत घेत बसलात तर हवेबरोबर बारीक थेंबही येतात, आणि त्यांतला क्षार वाळून स्विचमध्ये राहतो. कूलर टेबलाच्या कडेनं ठेवा, झोत पाठीवर किंवा बाजूनं घ्या. खर्रा खाणाऱ्यांनी बोटं धुऊन बसावं. सुपारीचा भुगा आणि चुना दांडीशी जमला की बटन अर्ध्यातच अडकतं.

म्हणूनच हॉट-स्वॅप कीबोर्डला माझं पहिलं मत. त्यात स्विच सॉकेटमध्ये नुसता खोचलेला असतो. कॅप (बटनाचं वरचं टोपण) काढा, चिमट्यानं स्विचच्या वरच्या आणि खालच्या बाजूचे कान दाबा, सरळ वर ओढा. वाकडं ओढलं की स्विचच्या पिना वाकतात. आजारी स्विचच्या जागी स्क्रोल लॉकचा स्विच बसवा, त्या बटनाला तसंही कुणी हात लावत नाही. काढलेल्या स्विचमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन-तीन थेंब सोडून तीस-चाळीस वेळा दाबा आणि पूर्ण वाळू द्या. तालुक्यातल्या मोबाईलवाल्याकडं ही बाटली असतेच. सॅनिटायझर वापरू नका, त्यातलं ग्लिसरीन आत चिकटून बसतं. नवा स्विच लावल्यावर बटन मेलेलं दिसलं तर दहापैकी नऊ वेळा पिन दुमडलेली असते, बोर्ड बिघडलेला नसतो. काढा, नखानं सरळ करा, परत बसवा.

घेताना दोन गोष्टी पाहा. काही स्वस्त हॉट-स्वॅप बोर्डांची भोकं फक्त आउटेमूच्या बारीक पिनांसाठी असतात, त्यात दुसरा स्विच शिरत नाही. जोरानं घातला तर सॉकेट ढिलं होतं. आणि तीन पिनांच्या बोर्डात पाच पिनांचा स्विच लावायचा असेल तर जास्तीचे दोन प्लास्टिकचे पाय नेलकटरनं कापले की काम होतं. हॉट-स्वॅप नसेल तर प्रत्येक स्विचचे दोन टाके डिसोल्डर करावे लागतात. टीव्ही-मोबाईलवाला ते करून देईल, पण गरम सोल्डरिंग आयर्न जास्त वेळ टेकवलं की बोर्डावरची तांब्याची टिकली उखडते. तेवढं त्याला सांगून ठेवा.

ऑप्टिकल स्विचबद्दल थोडक्यात. पात्यांऐवजी इन्फ्रारेड किरण अडतो किंवा मोकळा होतो. त्यामुळं गंज नाही, दोनदा लागणं नाही. धुळीच्या गावाला कागदावर हाच सगळ्यात योग्य. अडचण अशी की एका कंपनीचा ऑप्टिकल स्विच दुसऱ्या बोर्डाला चालेलच असं नाही, साध्या मेकॅनिकल बोर्डाला तर चालतच नाही. सोबत चार जास्तीचे स्विच मिळत असतील तरच घ्या.

हॉल इफेक्ट स्विचचा सध्या बोलबाला आहे. दांडीत चुंबक, खाली सेन्सर. बटन किती मिमी खाली गेलं हे सतत मोजलं जातं. नोंद कुठं व्हावी हे तुम्ही ठरवता, बहुतेक बोर्डांत ०.१ पासून पुढं. ‘रॅपिड ट्रिगर’मध्ये बोट जरासं वर येताच बटन सुटतं. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइकमध्ये पळता-पळता थांबून गोळी मारायची तर याचा फायदा खरा आहे, त्यात वाद नाही. फ्री फायर मॅक्ससारखा मोबाईल गेम इम्युलेटरवर (मोबाईलचे गेम कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर) खेळणाऱ्याला तो फारसा जाणवणार नाही. एक इशारा: उलट्या दिशेची दोन बटनं आपोआप जुळवून देणारी ‘स्नॅप टॅप’सारखी सोय व्हॉल्व्हनं ऑगस्ट २०२४ मध्ये काउंटर-स्ट्राइक २ च्या अधिकृत सर्व्हरवर बंद केली. ती चालू ठेवून खेळलात तर सामन्यातून बाहेर काढतात.

आपल्याकडचा तोटा तापमानाचा. चुंबक आणि सेन्सर दोन्हींचं माप उष्णतेनं थोडं सरकतं. टिनाच्या खोलीत पहाटे आणि दुपारी चारला फार फरक असतो, आणि सेटिंग ०.१ मिमीवर असेल तर हात न लावता बटन लागल्याचे प्रकार होतात. ०.३ ते ०.५ वर ठेवा, उन्हाळ्यात दुपारी पुन्हा कॅलिब्रेट करा, म्हणजे माप नव्यानं बसवून घ्या. स्विच बदलला तरी कॅलिब्रेशन लागतंच. वेल्डिंगच्या दुकानाशेजारी असाल तर लोखंडाचा कीस चुंबकाला चिकटतो, तिथं हा कीबोर्ड नकोच. बऱ्याच बोर्डांची सेटिंग ब्राउजरमधून होते. नेट चांगलं असताना करून बोर्डाच्या मेमरीत साठवून टाका, मग नेट गेलं तरी हरकत नाही.

वेगाचे आकडे एका दमात उरकू. पोलिंग रेट १२५ हर्ट्झ म्हणजे ८ मिलिसेकंदांनी एकदा विचारणा, १००० म्हणजे १, ८००० म्हणजे ०.१२५. तुमचा मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर त्याचं एक चित्रच १६.७ मिलिसेकंदांचं असतं. १००० पुरे. ८००० साठी जादा पैसे देण्यापेक्षा १४४ हर्ट्झचा मॉनिटर घ्या.

आकाराचा प्रश्न मात्र पैशांपेक्षा कामाचा. गावात गेमिंगचा कॉम्प्युटर आणि फॉर्म भरायचा कॉम्प्युटर बहुधा एकच असतो. ६१ बटनांचा छोटा कीबोर्ड दिसतो देखणा, माऊसला जागाही भरपूर सोडतो, पण त्यात नंबरपॅड नाही, बाणाची बटनं एफएनसोबत. दिवसभर आधार क्रमांक आणि गट नंबर टाकणाऱ्याला ते जाच होतं. कृतीदेव फॉन्टमध्ये टाइप करणाऱ्यांची तर पंचाईतच, कारण काही अक्षरं ऑल्ट धरून नंबरपॅडवर चार आकडे मारल्याशिवाय येत नाहीत. सेवा केंद्र चालवत असाल तर १०४ बटनांचाच घ्या. नुसतं खेळायचं असेल तर ८७.

विजेकडंही लक्ष द्या. अर्थिंग नसलेल्या घरात कॉम्प्युटरच्या पेटीला शंभराच्या आसपास व्होल्ट येतात (एसएमपीएसच्या, म्हणजे आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्याच्या फिल्टरमधून), आणि तेच यूएसबीच्या आवरणातून धातूच्या कीबोर्डवर. बोटांना मुंग्या येतात ते यामुळं. कीबोर्ड बदलून उपयोग नाही, अर्थिंग करा आणि तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन कापू नका. दुसरं, पूर्ण लाइट लावलेला कीबोर्ड बराच करंट ओढतो. तो आणि अंगठ्याचं मशीन एकाच साध्या हबवर असेल तर मशीन मधेच डिसकनेक्ट होतं. लाइट मंद करा किंवा दोन्ही थेट कॉम्प्युटरला लावा.

केबल सुटी होणारी, टाइप-सीची हवी. घरात धान्य असलं की उंदीर असतात आणि त्यांना केबल आवडते. आतून जोडलेली असेल तर सगळा कीबोर्ड खोलावा लागतो. फक्त पोर्ट फार खोल नाही ना ते पाहा, नाहीतर बाजारातली जाड तोंडाची केबल आत बसत नाही. वायरलेसची बॅटरी टिनाच्या खोलीतल्या उन्हाळ्यात लवकर फुगते, त्यामुळं इथं वायरचाच बरा.

काम झालं की कीबोर्डवर सुती फडकं नको, त्याचेच तंतू आत जातात. प्लास्टिकचं झाकण किंवा जुन्या कॅलेंडरचा जाड कागद ठेवा. महिन्यातून एकदा कीबोर्ड उलटा करून टिचक्या मारा, रंगकामाच्या अर्ध्या इंची ब्रशनं बटनांच्या रांगा झाडा. कॅप काढण्याआधी मोबाईलवर एक फोटो काढून ठेवा.