पोस्टमनचं पडवळ

राजापूरला आत्याच्या माजघरात एक फळी होती. तिच्यावर बाटल्यांची रांग: हॉर्लिक्सच्या, लोणच्याच्या, दोन-तीन औषधांच्या. प्रत्येक बाटलीत चुलीतली चाळलेली राख आणि राखेत बिया. बाटल्यांवर वहीच्या कागदाच्या चिठ्ठ्या, भाताच्या शिताने चिकटवलेल्या. चिठ्ठीवर भाजीचं नाव असणार असं कुणालाही वाटेल. आत्या माणसाचं नाव लिहायची. ‘माई’ म्हणजे वाल. ‘वरच्या घरची’ म्हणजे आठ शिरांची भेंडी. ‘गुरवीण’ म्हणजे काकडीच्या जातीचं तवसं. बी कसलं आहे ते तिला बघून कळायचंच, मग ते लिहायचं कशाला? बी कुणाकडून आलं, एवढंच काय ते विसरण्यासारखं.

एका बाटलीवर होतं, ‘पोस्टमन’.

त्या काळी पोस्टमन नावाचं शेंगदाणा तेल घरोघरी असायचं, त्यामुळे हे पडवळ त्याच तेलात फोडणीला घालायचं असतं, अशी माझी पाचवी-सहावीपर्यंत समजूत होती. खरी गोष्ट अशी की आत्याच्या लग्नानंतरच्या पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात टपाल घेऊन घाटी उतरून येणारा पोस्टमन ओटीवर पाणी प्यायला टेकला. परसातला मांडव त्याला अर्धा रिकामा दिसला. पुढच्या खेपेला मनीऑर्डरीबरोबर त्याने कागदाच्या पुडीत पाच बिया आणून दिल्या. दोनेक वर्षांत त्याची बदली झाली. त्याचं नाव काय, गाव कुठलं, आज कुणालाच आठवत नाही. पडवळ मात्र राहिलं.

आता पडवळ हे काही प्रेमात पडण्यासारखं फळ नव्हे. पंगतीत डाळिंब्यांच्या उसळीत ते असतं, पण लक्ष सगळं डाळिंब्यांकडे. बाजारात मिळतं ते लांबलचक, सापासारखं. सरळ वाढावं म्हणून त्याच्या शेंड्याला दगड बांधतात. पोस्टमनचं पडवळ दीड हाताच्या वर जायचं नाही. पांढुरकं, त्यावर हिरव्या रेघा, मधे किंचित पोट सुटलेलं. दगड बांधायची कटकट नाही. गर जाड, आणि शिजल्यावर त्याचं पाणी पाणी होत नाही. आत्याच्या दृष्टीने हे शेवटचं कारण पुरेसं होतं.

पावसाळ्यात परसात सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारं वाक्य म्हणजे, ‘त्याला हात लावू नको, बियाला ठेवलंय.’ वेलाला लागलेल्या पहिल्या दोन-चार फळांतलं जे सगळ्यात देखणं, त्याला आत्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची. लाल चिंधी दिसली की ते फळ देवाचं. शेवटी उरलेलं, किडकं, वाकडं फळ बियाला ठेवणाऱ्या बायकांबद्दल तिचं मत फार वाईट होतं. ‘गोड गोड आपण खायचं आणि उष्टं बियाला, मग पुढल्या साली वेल तसलाच येणार.’ निवड पद्धतीने वाणसुधारणा कशी होते हे मी पुढे पुस्तकात वाचलं तेव्हा मला त्यात नवीन काही वाटलं नाही, फक्त चिंधीचा उल्लेख राहून गेला होता.

चिंधीचं फळ वेलावरच पिकू द्यायचं. पिकलेलं पडवळ तुम्ही पाहिलंय का? शहरात ते दिसायचं कारण नाही. हिरवटपणा जातो, ते पिवळं, मग भडक नारिंगी होतं, आणि एका सकाळी खालून उकलतं. आत लालबुंद, बुळबुळीत गर, आणि त्यात खरबरीत, कडा नागमोडी असलेल्या चपट्या बिया. बुलबुलांना हे आपल्या आधी कळतं. म्हणून फळ नारिंगी झालं की आत्या पहाटे कंदील घेऊनच परसात जायची. गर राखेत चोळायचा, बिया सुट्या करायच्या, सुपात सावलीत वाळवायच्या. उन्हात ठेवलं की ओरडा.

एका गणपतीत मुंबईहून आलेल्या काकाने, घरात चाळीस पानं जेवायची आणि भाजी कमी पडतेय म्हणून, चिंधीसकट पडवळ तोडून आणलं. चिंधी त्याने केराच्या टोपलीत टाकली, तीच आत्याला दिसली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने दोन दिवस काकाला वाढलं, पण बोलली नाही. त्या साली बाकीची फळं आधीच भाजीत गेली होती, मागून लागलेली अतिवृष्टीत कुजली, आणि बाटलीत राख तेवढी उरली. पुढच्या मृगाला आत्या वाडीतल्या माईंकडे गेली आणि चार बिया घेऊन आली. आदल्या वर्षी तिनेच माईंना दिलेल्या. ‘म्हणून तर वाटायचं असतं, मेल्या,’ एवढंच म्हणाली. बाटलीवरची चिठ्ठी तिने बदलली नाही. बी माईंकडून आलं असलं तरी पडवळ पोस्टमनचंच.

कुंपणावर आपसूक उगवणारं कडू पडवळ मात्र ती दिसेल तिथे उपटायची. तापावर काढ्याला लागतं म्हणून एखादा वेल ठेव, असं कुणी म्हटलं तर, ‘माझ्या मांडवापासून दूर ठेवा, दोन परसं सोडून.’ आम्हाला हा सोवळेपणा वाटायचा. पण कडू आणि गोड पडवळ ही एकाच जातीची रानातली आणि घरातली भावंडं. पाकोळीने एकाचा पराग दुसऱ्याला लावला की पुढच्या पिढीत कडूपणा उतरतो. हे नुसतं चवीचं गाऱ्हाणंही नाही. दुधी किंवा पडवळ जिभेला कडूजहर लागलं तर सरळ टाकून द्यावं, ते बाधतं. आत्या प्रत्येक पडवळाची चकती आधी स्वतः जिभेला लावून बघायची.

फुलझाडांना तिच्या फळीवर जागा नव्हती. तेरड्याचं बोंड पिकलं की बोट लागताच फुटतं आणि बिया अंगणभर उडतात. त्याला कुणी का राखावं? गुलबक्षीही आपली आपण यायची. तिच्या बिया हुबेहूब काळ्या मिऱ्यांसारख्या. मी एकदा त्या कौतुकाने वाटीत जमवल्या आणि वाटी स्वयंपाकघरात ठेवली, तर आईने त्यातल्या दहा-बारा कुटायला घेतल्या. आतून पांढरं पीठ निघालं म्हणून बरं, नाहीतर त्या विषारी बिया पोटात जायच्या. तेव्हापासून गुलबक्षी घरात आणायची बंदी. ही गुलबक्षी, जी आपल्याला तुळशीइतकी घरची वाटते, ती मूळची अमेरिका खंडातली, आणि नाव तिने फारसी गुल-ए-अब्बासवरून घेतलेलं. परसातला झेंडू मेक्सिकोचा. मिरचीही तिकडचीच. गावरान म्हणजे किती जुनं, असा हिशेब आत्याला विचारला असता तर ती म्हणाली असती, आपल्याकडे रुजलं की आपलं.

२०२० साली अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या, देशी बियाणं जपणाऱ्या राहीबाई पोपेरे यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आत्या डोंबिवलीला मुलाच्या घरी होती. टीव्हीवर राहीबाईंची मडकी, टांगलेली कणसं, घेवड्याचे नाना रंग बघून ती खुर्चीतून पुढे सरकली. ‘ही राखेतच ठेवते बघ,’ म्हणाली, आणि सुनेकडे असं पाहिलं की सुनेला आपण काय गुन्हा केला ते कळेना. आत्याच्या राखेमागचं गणित मला उशिरा कळलं. बीमधला ओलावा एक टक्क्याने उतरला की त्याचं आयुष्य जवळपास दुप्पट होतं, असा बियाणेवाल्यांचा ढोबळ नियम आहे. कोकणातल्या चार महिन्यांच्या दमट हवेत राख आणि चुलीची ऊब, दुसरं साधन तरी काय होतं?

मी पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. गच्चीवजा गॅलरी आहे, दहा-बारा कुंड्या आणि दोन निळी पिंपं. सुरुवात मीही चकचकीत पाकिटांनी केली. संकरित भेंडीचं पाकीट पहिल्या वर्षी झकास आलं. मी चिंधी बांधून एक शेंग बियाला ठेवली आणि दुसऱ्या वर्षी एक झाड कमरेइतकं, एक गुडघ्याइतकं, एकाला शेंगा बोटभर, एकाला निबर. संकरिताच्या पोटी दोन्हीकडचे आजी-आजोबा वेगवेगळे जन्माला येतात. दरवर्षी नवं पाकीट घ्यायचं, हीच त्यामागची व्यवस्था. मग इंटरनेटवर ‘दुर्मिळ’ बियाण्यांच्या नादी लागलो. ९९ रुपयांत निळ्या गुलाबाचं बी मागवलं. गुलाबाच्या पाकळीत निळा रंग मुळात नसतो आणि चांगला गुलाब बीवरून नाही तर डोळा भरून, म्हणजे कलम करून वाढवतात, हे दोन्ही मला माहीत असताना मागवलं. लाल माठ उगवला. भाजी चांगली झाली.

राजापूरचं घर बंद करताना फळीवरच्या बाटल्या मी घेऊन आलो. वाल भुंग्याने खाल्ले होते. तवशाचं एकही बी रुजलं नाही. ‘पोस्टमन’मध्ये अकरा बिया होत्या. रात्रभर कोमट पाण्यात ठेवल्या, मृगाच्या सुमाराला पिंपात दोन पेरं खोल टोकल्या आणि रोज सकाळी चहाचा कप घेऊन मातीकडे बघत बसलो. सोळाव्या दिवशी एक कोंब वर आला, मग आणखी तीन.

ऑगस्टात फुलं आली, पण फळ धरेना. तिसऱ्या मजल्यावर पराग नेणारी पाकोळी कुठून येणार? परसात संध्याकाळ फुलांनी यायची: चारच्या सुमाराला गुलबक्षी, दिवस कलला की दोडकं (‘दोडकी फुलली, कंदील पुसायला घ्या’), आणि काळोख पडल्यावर पडवळ. घोसाळं आणि भोपळा सकाळचे. तेव्हा पडवळाचं लग्न लावायचं तर रात्रीच. मी साडेआठ वाजता तोंडात टॉर्च धरून, स्टुलावर चढून, नर फूल मादी फुलावर टेकवत असे. समोरच्या इमारतीतून कुणीतरी वॉचमनला फोन केला. वॉचमन वर आला, त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘साहेब, बाजारात पडवळ मिळतं की.’

त्या वर्षीच्या चिंधीच्या फळातून सव्वीस बिया निघाल्या. आत्याला फोनवर आकडा सांगितला. तिने विचारलं, ‘दिल्यास किती?’

चार दिल्या, दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना. यंदा परवा संध्याकाळी त्यांचा फोन: ‘अहो, तुमच्या पोस्टमनला कळ्या भरपूर आल्यात, पण फुलत काही नाहीत. सकाळी बघावं तर कोमेजलेल्या.’ म्हटलं, आठ वाजता येतो, तोवर गॅलरीतला दिवा बंद ठेवा. गेलो तर काका-काकू आणि नात अंधारात खुर्च्या मांडून बसले होते. पंधरा मिनिटं काही झालं नाही. मग एका कळीची पाच टोकं सैल झाली, आणि आत गुंडाळून ठेवलेले पांढरे धागे एकेक करून सुटायला लागले, जसा कुणी रुमालाच्या कडेच्या झालरीचा गुंता हलकेच उकलतंय. नात श्वास रोखून होती. वासही आला, अगदी मंद.

काका म्हणाले, ‘हे सगळं ठीक आहे, पण खायचं कधी?’

‘पहिली दोन खा,’ मी म्हटलं. ‘तिसऱ्याला चिंधी बांधा.’

काकू उठून आत गेल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि मग जुनं कापड टर्रकन फाटल्याचा.