मॅटमधली वाळू

सोमवारी दुपारी कोल्हापुरात रंकाळ्याजवळच्या वॉशिंग सेंटरवर गाड्यांची रांग लागते. पोरगं मॅट काढून खांबावर आपटतं आणि खाली वाळू पडते. काळी पडली तर रत्नागिरीचा मांडवी किनारा, पांढरट पडली तर गणपतीपुळे. मालकानं काही सांगायची गरज नाही.

आपल्याला समुद्र नाही. रंकाळ्याच्या काठालाच चौपाटी म्हणायचं आणि भेळ खायची. पण दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी म्हणतंच, "रत्नागिरीला जाऊन येऊया की." मलकापूर, आंबा, साखरपा, पाली, हातखंबा. सव्वाशे-एकशेतीस किलोमीटर.

आपण पठारावरचे, त्यामुळं जाताना आंबा घाटाचा चढ असा जाणवत नाही, उतारच अंगावर येतो. गाडी लागते ती इथंच. डोळे मोबाईलवर असतात, वळण मात्र कानाला कळत असतं, आणि दोघांचं जमत नाही. मागं मधोमध कोंबलेलं पोर पहिलं हिरवं पडतं. त्याला खिडकीशी घ्यावं, लांबचा रस्ता बघायला लावावं, आणि निघताना मिसळ खायला देऊ नये. शेवटची अट कोल्हापुरात कुणी पाळत नाही. चालवणाऱ्यानं ज्या गिअरला घाट चढतो त्याच गिअरला उतरावं. ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की साखरप्याला चहा घेताना चाकांतून जळका वास येतो.

कुठले पॉइंट बघायचे याची यादी सगळ्यांकडं असते, भरतीची वेळ कुणी बघत नाही. त्याला भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ, थोडी मागंपुढं. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन. म्हणजे संकष्टीला पुळ्यात गर्दी, दर्शन, मोदक, जेवण, आणि पँट दुमडून पाण्यात उतरायची वेळ नेमकी तीनची. त्यानंतर पाणी मागं ओढायला लागतं. गुडघ्याएवढं दिसणारं पाणी पुढच्याच पावलाला कमरेला लागतं. पंचगंगेच्या पुरात उड्या मारलेला गडीही इथं चुकतो, कारण नदी काठाकाठानं नेते, समुद्र काठापासून लांब नेतो.

मांडवीची काळी वाळू मात्र पोरांच्या कामाची. फुटक्या स्पीकरचं लोहचुंबक दोऱ्याला बांधून ओढत न्यायचं, त्याला काळे कण दाढीसारखे चिकटतात. मग ते पुसून निघत नाहीत. चुंबक आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं, तर पिशवी उलटी केली की कण सुटतात. ही अक्कल चुंबक वाया गेल्यावर येते. हे कण म्हणजे इल्मेनाइट वगैरे, लोखंड आणि टायटॅनियमचं खनिज. सह्याद्रीचा काळा दगड झिजतो, नद्या तो खाली आणतात, लाटा हलकं तेवढं धुऊन नेतात आणि जड काळं मागं उरतं. मॅटमधून चिमूटभर सह्याद्री परत वर येतो आणि वॉशिंग सेंटरच्या गटारात जातो.

बाकी रत्नागिरी आपण उरकतो. रत्नदुर्गावर भगवतीचं देऊळ आणि फोटो, टिळकांचं जन्मघर, १९३१ चं पतितपावन मंदिर. ते सर्व जातींसाठी खुलं म्हणून भागोजीशेठ कीर यांनी बांधलं, हे कुणीतरी बूट काढता काढता सांगतं.

थिबा राजवाडा शेवटी, वेळ उरला तर. ब्रह्मदेशच्या या राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये गादीवरून काढलं आणि पुढच्या वर्षी इथं आणून ठेवलं. राजवाडा बांधून झाला १९१० मध्ये. तोवर चोवीस वर्षं गेली होती. मग सहा वर्षं तिथं राहून तो वारला. त्याची समाधीही रत्नागिरीतच आहे.

आपण वीस मिनिटांत जिना चढून, भाट्याची खाडी बघून गाडीत बसतो. अंधार पडायच्या आत घाट चढायचा असतो.