तुम्ही विचारलंत म्हणून: ती टॅक्सी खोटी का दिसते

लग्नात विचारतात, बारशाला विचारतात, परवा तर दातांच्या डॉक्टरांनी मी तोंड उघडून पडलेली असताना विचारलं. मी कॉम्प्युटरवर गाड्या बनवते आणि शूट केलेल्या दृश्यात त्या बसवते, एवढं कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "एवढा खर्च करता, मग गाडी खोटी आहे हे आम्हाला लगेच कसं कळतं?" वर असं हसतात, की मला चोरी करताना पकडलंय.

आधी माझी बाजू. तुम्हाला कळते ती एक. ज्या कळत नाहीत त्यांच्याबद्दल कोण विचारणार? ज्या दृश्यावरून मी सगळ्यात जास्त ऐकून घेतलंय, त्या बॅलार्ड इस्टेटच्या दृश्यात ११ टॅक्स्या आहेत. दोन खऱ्या, नऊ आमच्या. बोट मात्र प्रत्येक जण एकीवरच ठेवतो. बाकीच्या आठ माझ्याच आहेत हो.

"खऱ्याच का नाही आणल्या?" कुठून आणू? १९८०च्या दशकातली मुंबई दाखवायची म्हणजे काळी-पिवळी पद्मिनीच हवी, आणि मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरअखेर गेली. धड चालणाऱ्या, भाड्याने मिळणाऱ्या अशा आम्हाला दोनच सापडल्या.

आता काळ्या रंगाबद्दल. लोकांना वाटतं काळी गाडी सोपी, अंधारात खपून जाते. उलट आहे. पांढऱ्या गाडीला निदान स्वतःचा रंग तरी असतो. पॉलिश केलेल्या काळ्या पत्र्याला स्वतःचं काहीच नसतं. दारात समोरची इमारत, बॉनेटवर आभाळ, खालच्या पट्टीवर रस्ता. म्हणून गाडी जिथे येणार तिथे सेटवर चकचकीत स्टीलचा गोळा धरायचा आणि त्याचे कमी उजेडापासून जास्त उजेडापर्यंत पाच-सात फोटो काढायचे. त्या जागेचा त्या वेळचा सगळा उजेड त्यात येतो आणि तोच मग आपल्या गाडीवर पाडता येतो. कॉम्प्युटर ग्राफिक्सचे संशोधक पॉल डेबेवेक यांनी हे १९९८ सालीच मांडलंय, म्हणजे आमच्या धंद्यात हे आता बाळबोध. वेळ लागतो तीन मिनिटं.

ती तीन मिनिटं मी घेतली नाहीत.

रविवारची सकाळ होती. रस्त्याची परवानगी नऊपर्यंत, इमारतींच्या वरून ऊन खाली उतरायला लागलेलं, आणि अजून एक शॉट बाकी. ओरखडे पडू नयेत म्हणून गोळा मी उशीच्या अभ्र्यात घालून आणते. तो काढला, हातात घेतला, दोन पावलं पुढे गेले. असिस्टंट डायरेक्टर म्हणाला, "मॅडम, पोस्टमध्ये बघून घ्या ना, प्लीज." पोस्ट म्हणजे शूटिंगनंतरचं आमचं काम. मी गोळा परत अभ्र्यात घातला. भांडले नाही. लेन्स लिहून घेतली होती, कॅमेऱ्याची उंची टेपने मोजली होती. वाटलं, भागेल.

मग दुसऱ्या कोणी असाच टिपून ठेवलेला तयार उजेड नेटवरून उतरवला. कुठल्याशा देशातलं मोकळं पार्किंग, कडेने झाडांची रांग. लांबच्या आठ टॅक्स्यांना तो चालून गेला. नववी कॅमेऱ्याच्या अगदी जवळून जाते. बॅलार्ड इस्टेटच्या दगडी भिंतींमधून ती जाते आणि तिच्या मागच्या दारात झाडं हलतात. ओळीने सात झाडं, मी मोजलीत, कारण सिनेमा आल्यावर कोणीतरी ती फ्रेम थांबवून लाल गोल काढला, खाली लिहिलं, "फोर्टात जंगल?" आमच्या घरच्या ग्रुपवर ती मावशीने टाकली. हसणाऱ्या तोंडांसकट. माझं काम आहे हे तिला माहीत नव्हतं, आणि मी सांगितलंही नाही.

पुढे बराच काळ मी एकच सांगत आले: सेटवर वेळच देत नाहीत. खोटं नाही ते. पण त्या सकाळनंतर काम द्यायला १९ दिवस होते. मध्ये दोन रविवार. तीच गल्ली, तीच वेळ, गोरेगावहून लोकल पकडून सीएसएमटीला उतरायचं आणि चालत जायचं. त्यातल्या एका रविवारी मी घरी मिसळ केली होती, दुसऱ्या रविवारी काय केलं ते आठवतही नाही. तेव्हाची मी म्हणेल, आठवडाभर रात्री अकरापर्यंत बसायचं आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या तिकिटाने गोळा घेऊन फोर्टात जायचं? पगार कोण देणार त्याचा? तिचं चुकतंय असं मला आजही ठाम म्हणता येत नाही. पण झाडं तिचीच आहेत.

इथपर्यंत माझी समजूत पक्की होती: ती टॅक्सी झाडांमुळे फसली. मग एका गणपतीत काकांना ते दृश्य दाखवलं. काकांनी २६ वर्षं पद्मिनी चालवली. त्यांना झाडं दिसलीच नाहीत. दोनदा बघून म्हणाले, "अगं, मागे तिघं बसलेत ना? मग मागच्या स्प्रिंगचे पाटे कसे बसले नाहीत? रिकामी चाललीय ही. आणि ब्रेकला नाक खाली जात नाही."

मी पार गप्प. एक फ्रेम टिपताना शटर एक अठ्ठेचाळीसांश सेकंद उघडं होतं, तेवढ्यात ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी साधारण २३ सेंटीमीटर पुढे सरकते, तेवढाच फराटा मी तिला दिला होता. कॅमेऱ्याच्या चित्रात दिसतात ते बारीक दाणे जुळवले होते, टायरखालची काळी सावली हाताने रंगवली होती. आणि आत बसलेल्या माणसांचं वजनच गाडीला दिलं नव्हतं. आमच्याच धंद्यातल्या, लंडनच्या द मिल या कंपनीने २०१६ साली ब्लॅकबर्ड नावाची एक गाडी बनवली होती. लांबी-रुंदी बदलता येणारा सांगाडा, रस्त्यावर खराखुरा धावणारा, कॉम्प्युटरची गाडी नंतर त्याच्यावर चढवायची. सोबत आजूबाजूचा उजेड टिपायला कॅमेरे. तेव्हा मला वाटलं होतं, काय ही श्रीमंतांची थेरं.

त्या दिवाळीत कोणी सांगितलेलं नसताना मी तो शॉट पुन्हा उघडला. मागची बाजू चार सेंटीमीटर खाली बसवली, ब्रेकला नाक झुकवलं, दारातल्या झाडांच्या जागी बॅलार्ड इस्टेटच्या भिंतींचे फोटो लावले. हे कुठेच लागणार नव्हतं. फोन घेऊन काकांकडे गेले. त्यांनी चष्मा लावला, दोनदा बघितलं.

"आता बरी चाललीय," म्हणाले. "पण पॅसेंजर आत बसलेत आणि मीटर अजून उभंच आहे बघ."