‘काय व्हयनं मॅडम?’

शाळेतून फोन गेला की आमच्या पालकांचा पहिला शब्द हाच असतो. ‘हॅलो’ नाही, ‘कोण बोलतंय’ नाही. ‘काय व्हयनं मॅडम? पोऱ्या पडना का?’ मागे कापसाच्या शेतातला वारा, कुणीतरी ‘कोना फोन?’ विचारतंय, आणि इकडे मी कानाला फोन लावून, सांगायचं काही नसताना अपराध्यासारखी उभी. शाळेचा फोन म्हणजे वाईटच बातमी, असं घरोघरी वाटतं हे मला कळायला दोन वर्षं लागली, आणि त्या दोन वर्षांत मी पालकांशी बोलण्याच्या नावाखाली बऱ्याच चुका केल्या.

2019 च्या जूनमध्ये मी अमळनेर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत रुजू झाले. द्विशिक्षकी शाळा. पहिली-दुसरी मुख्याध्यापक सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. माझ्या वर्गात 27 मुलं. आधी चार वर्षं दुसरीकडे शिकवलं होतं, त्यामुळे पालकसभा घेणं म्हणजे काय मोठं, असा माझा समज.

पहिली सभा ठेवली ऑक्टोबरात, सोमवारी दुपारी 3 वाजता. वह्यांमध्ये चिठ्ठ्या चिकटवल्या: ‘तरी सर्व पालकांनी वेळेवर उपस्थित राहावे ही विनंती.’ फळ्यावर रंगीत खडूने ‘सुस्वागतम्’. सतरंज्या झाडून घातल्या. आले चार जण. त्यातले एक आबा नातवाला घ्यायला आले होते, मुलांनी बसवलं म्हणून बसले. मी तयारी केलेलं भाषण त्या चौघांनाच दिलं. अमळनेर म्हटल्यावर साने गुरुजी आलेच. 1924 ते 1930 ते इथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, वसतिगृहातल्या मुलांचं आईसारखं करायचे, हे सगळं सांगून झालं. आबांनी ते आजवर किती शिक्षकांच्या तोंडून ऐकलं असेल कोण जाणे. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि शेवटी विचारलं, ‘सुट्टी व्हयनी का पोरेसनी?’

दुसऱ्या दिवशी वर्गात मी जरा फणकाऱ्यानेच विचारलं, आईवडील का नाही आले? समोरच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘माय कापूस येचाले गयेल शे.’ तिच्या आवाजात तक्रार नव्हती. एवढं साधं मॅडमला कसं कळत नाही, असा भाव होता. वेचणीची मजुरी किलोवर. माझं भाषण ऐकायचं तर त्या बाईने अर्ध्या दिवसाचा कापूस सोडायचा. दसरा-दिवाळीच्या तोंडावर खान्देशात दुपारी 3 ची सभा ठेवणारी मी, आणि वर पालक उदासीन आहेत असा शेरा इतिवृत्तात लिहिणारीही मीच.

मग 2020 च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि सगळ्यांसारखा आमचाही व्हॉट्सअॅप ग्रुप निघाला. मला वाटलं, सुटला प्रश्न. 27 मुलांमागे 19 नंबर मिळाले. त्यातले काही काकांचे, काही मोठ्या भावाचे, एक तर गावातल्या किराणा दुकानदाराचा. मी लांबलचक मजकूर टाईप करायचे. उत्तरादाखल गुलाबाची फुलं आणि ‘शुभ सकाळ’. नंतर लक्षात आलं, फोन वडिलांसोबत दिवसभर शेतात, आणि अभ्यास आईने घ्यावा अशी माझी अपेक्षा. म्हणजे मी ज्या माणसाशी बोलत होते त्याला अभ्यास घ्यायचा नव्हता, आणि जिला घ्यायचा होता तिच्यापर्यंत माझा शब्द जातच नव्हता.

त्याच ग्रुपवर मी माझी सगळ्यात वाईट चूक केली. गृहपाठ न पाठवणाऱ्या सहा मुलांची नावं टाकली. हेतू वाईट नव्हता; थोडी लाज वाटली तर करतील, असं वाटलं. रात्री एका मुलाच्या आईचा शेजारणीच्या फोनवरून फोन आला. ती भांडली नाही, तेच जास्त लागलं. एवढंच म्हणाली की मॅडम, त्याचे बाबा पारावर बसले होते, तिथे कुणीतरी वाचून दाखवलं. पुढचं तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी तो मेसेज काढून टाकला, पण पारावर वाचलेलं कसं काढणार? तेव्हापासून ग्रुपवर एकाही मुलाचं नाव टाकत नाही, कौतुकाचंसुद्धा. कौतुकात ज्याचं नाव नसतं त्याचे पालकही वाचतातच.

शाळा पुन्हा भरू लागल्या तेव्हा मी एक शंभर पानी वही घेतली आणि प्रत्येक मुलाला एकेक पान दिलं. त्यात गुण नाहीत, हजेरी नाही. घरात मुलाच्या अभ्यासाचं कोण बघतं: आई, आजी, की चुलती? फोन कुणाकडे असतो आणि घरी किती वाजता येतो? कोणाला वाचता येतं? मुलाला घरी काय नावाने हाक मारतात? बाजाराला कोण जातं? ही माहिती भरायला मला दोन महिने लागले, कारण ती फॉर्म वाटून मिळत नाही. गिरणीवर दळण घेऊन थांबलेल्या बाया, नळाला पाणी आल्यावरची रांग, रेशन आल्याचा दिवस, या ठिकाणी ती सहज मिळते. घरी गेलं की मी आधी ओट्यावर बसते. ‘या, बठा’ म्हटल्यावर उभ्या-उभ्या मुलाचा विषय काढला तर पोलीस आल्यासारखं वाटतं. चहा नको म्हणायचा नाही. पाऊसपाणी, कापसाचा भाव, आजीचे गुडघे, मग मूल.

भाषेचं प्रकरण मात्र वेगळंच निघालं. मी धुळ्याची. आमची आजी अहिराणीशिवाय दुसरं काही बोलायची नाही आणि आई आम्हाला दटावायची, ‘नीट बोला, गावंढळासारखं नको.’ त्यामुळे अहिराणी मला सगळी समजते, पण तोंडात शाळेची मराठी बसलेली. पालकांशी मी ‘आपल्या पाल्याची प्रगती समाधानकारक आहे’ असं बोलायचे आणि ते ‘हां मॅडम, हां मॅडम’ करायचे. एकदा एका मुलीच्या आजीला चुकून अहिराणीत म्हणून गेले, ‘तुमनी पोर भारी वाचस.’ म्हातारीने माझ्याकडे नीट पाहिलं, जणू मी आताच आत आले. मग पाऊण तास सोडेना. ती मुलगी रात्री काय खाते, कशाला घाबरते, कुणाच्या नादाने रुसते, सगळं कळलं.

मला वाटलं, किल्ली सापडली. मी वर्गातही मुलांशी भरपूर अहिराणी बोलू लागले. पंधरा दिवसांत दोन आया शाळेत हजर. न बोलावता आलेल्या पहिल्याच. एकीने अगदी नम्रपणे सांगितलं, ‘आमना संगे बोला तसं, चाली. पन पोरेससंगे शाळामा मराठीच बोला.’ त्यांना आपली भाषा माझ्या तोंडून ऐकायला आवडत होती, पण मुलांना ती शिकवायला त्या शाळेत पाठवत नव्हत्या. माझ्या आईचंच म्हणणं निराळ्या शब्दांत. मला त्यात दुःखही झालं आणि त्यांचं चूक आहे असंही म्हणवेना. आता अवघड शब्द आधी अहिराणीत समजावते, मग मराठीत म्हणून घेते, आणि असं का करते ते त्या दोघींना वह्या दाखवून सांगितलं. एकीला पटलं. दुसरी अजून साशंक आहे.

वह्या दाखवण्यावरून आठवलं. एका चौथीतल्या मुलाची आई शाळेत कधीच गेलेली नाही. तिला मी निकालपत्रकातल्या श्रेणी समजावत होते, अ-1 म्हणजे काय, ब-2 म्हणजे काय. तिने पत्रक बाजूला ठेवलं आणि मुलाची गणिताची वही मागितली. पानं उलटत गेली. एकेका पानावर बोट ठेवून काहीतरी मोजत होती. मग विचारलं, ‘लाल कमी व्हयनं का?’ ती माझ्या लाल पेनाच्या फुल्या मोजत होती! जूनच्या पानावर 11, नोव्हेंबरच्या पानावर 4. मी श्रेणी सांगायचा नाद सोडला. आता प्रत्येक मुलाचं जूनचं एक पान जपून ठेवते आणि पालक आले की आजच्या पानाशेजारी ठेवते. बोलणं तिथून सुरू होतं, आणि बहुतेक वेळा ते सुरू करतात, मी नाही.

सभा आता रात्री असते. वर्षातून तीनदा, साडेसातला, जेवणं व्हायच्या जरा आधी, आणि शाळेत नाही. एकदा मारुतीच्या पाराजवळ, एकदा भिलाटीत म्हणजे भिल्लांच्या वस्तीत, एकदा वरच्या गल्लीत. पाऊण तासाच्या वर नाही. श्रावणातला कानबाईच्या सणाचा रविवार आणि आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, आठवडा टाळून. आखाजीला इथे बाया माहेरी जातात. त्या दिवसांत सभा ठेवली तर समोर फक्त सासरे. ग्रुपवर लिहिणं जवळपास बंद. आवाजात सांगते, 40 सेकंदांच्या आत, एका वेळी एकच गोष्ट: उद्या सुट्टी, किंवा परवा आधार कार्ड पाठवा. स्वयंपाक करता करता ऐकता येतं आणि वाचता न येणाऱ्या आजीलाही कळतं.

आणि फोन. जूनच्या पहिल्या दोन आठवड्यांत मी सगळ्या 27 घरी फोन करते, तक्रार नसताना. पहिलं वाक्य ठरलेलं: ‘काही झालं नाही, पोरगं खुशाल आहे.’ मगच पुढचं. तुमच्या मुलीने आज पहिलीतल्या रडणाऱ्या पोराला पाणी पाजलं, एवढं जरी असलं तरी पुरतं, पण खरं असलं पाहिजे. ‘हुशार आहे, लक्ष द्या’ हे सगळ्यांना सांगितलं की गिरणीवर बाया ताडून बघतात आणि आपलं बिंग फुटतं. हा फोन आधी झालेला असला की ऑगस्टमध्ये अडचण सांगायला फोन केला तर ऐकून घेतात.

असं ऐकून घेण्याचा फायदा उलटाही होतो. तिसरीतला एक मुलगा दर एक-दोन आठवड्यांनी वर्गात पेंगायचा. मी त्याच्या पानावर ‘लक्ष नाही’ लिहून ठेवलं होतं, आणि मोबाईल बघत असेल असं मनाशी धरून वडिलांना सांगायला गेले. संध्याकाळी ते गव्हाला जायच्या तयारीत होते. म्हणाले, या आठवड्यात शेताची लाईट रात्रीची आहे. ‘रातले पानी भराले जातस आम्ही. हाऊ बॅटरी धरस.’ हा आठ वर्षांचा पोरगा बांधावर बॅटरी धरून उभा राहायचा, कारण आई धाकट्याला सोडून येऊ शकत नव्हती. मी मोबाईलवरचं भाषण गिळलं. रात्रीच्या लाईटच्या आठवड्यात त्याला पहिला तास भिंतीशी झोपू द्यायचं, आणि शक्य होईल तेव्हा वडिलांनी पुतण्याला न्यायचं, असं ठरलं. ते दर वेळी पाळलं जात नाही. पण लाईट बदलली की आता ते स्वतः मिस्ड कॉल देतात.

शाळा व्यवस्थापन समितीबद्दल थोडं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया हव्यात. आमच्याकडेही होत्या, रजिस्टरात. बैठकीला नवरे यायचे, सह्या घरी जाऊन व्हायच्या. मी आणि सरांनी एवढंच केलं की समितीतल्या बाया आल्याशिवाय बैठक सुरू करायची नाही. दोन बैठका झाल्याच नाहीत. तिसऱ्या वेळी आल्या, आणि त्यांतल्या एकीने पहिलाच प्रश्न मुलींच्या संडासाच्या कडीचा काढला, जो तिथे वर्षानुवर्षं बसलेल्या एकाही जिभाऊला सुचला नव्हता.

जिथे मला अजून जमलेलं नाही ते भिलाटीतल्या ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचं. पहिल्या वर्षी दिवाळीनंतर तीन मुलं अचानक गायब, घराला कुलूप. आता दसऱ्याआधीच जाऊन विचारते, टोळी कधी निघणार, कुठल्या कारखान्यावर, मुकादमाचा नंबर काय. मूल जाणारच असेल तर शिक्षण हमी पत्रक देते, म्हणजे तिकडच्या शाळेत बसवता येतं. आजीजवळ राहणार असेल तर रविवारी आईवडिलांना फोन लावून मुलाला बोलायला देते. दोन घरांत हे चाललं.

तिसऱ्या घरातला बाप माझा फोन उचलत नाही. दोन वर्षं झाली. घरी गेले की नुकताच बाहेर पडलेला असतो. मुलगी हुशार आहे, हे खरंच. तिच्या पानावर मी शेवटची नोंद केली आहे ती अशी: ‘बुधवारी बाजारात कोंबड्या विकायला बसतो, सकाळी 10 च्या आत.’ येत्या बुधवारी सरांना सांगून तास बदलून घेतला आहे.