तुम्ही विचारलंत म्हणून: बॉब डोल यांचंच नाव का?

हिवाळी अधिवेशनात मोर्चा पांगला की चहाच्या टपरीवर कोणीतरी मला विचारतंच, ‘दादा, तुम्ही दिव्यांगांसाठी भांडता, मग नाव त्या अमेरिकेतल्या रिपब्लिकन पक्षाच्या बॉब डोल यांचं का घेता? ते तर पक्के पुराणमतवादी, सरकारी खर्चाला कात्री लावणारे!’

आक्षेप खरा आहे. म्हाताऱ्या माणसांच्या सरकारी आरोग्यविम्याला, म्हणजे मेडिकेअरला, १९६५ मध्ये त्यांनी विरोधात मत दिलं होतं. तिथे मी त्यांच्यासोबत नाही. मला लहानपणी पोलिओ झाला आणि पायाला आधार देणारं माझं पहिलं कॅलिपर सरकारी दवाखान्यातून मिळालं. तरीही नाव त्यांचंच घेतो.

कॅन्सस राज्यातल्या रसेल नावाच्या छोट्या गावचा हा खेळाडू पोरगा. १४ एप्रिल १९४५ रोजी इटलीच्या आघाडीवर जबर जखमी झाला. उजवा हात कायमचा निकामी झाला, एक मूत्रपिंड गेलं, तीन वर्षांहून जास्त काळ दवाखान्यांत गेला. गावकऱ्यांनी सिगारच्या खोक्यात वर्गणी जमवली, शिकागोच्या डॉ. केलिकियान यांनी शस्त्रक्रियांची फी घेतली नाही. मिशिगनमधल्या लष्करी दवाखान्यात डॅनियल इनोये आणि फिलिप हार्ट हे दोन जखमी सैनिकही होते. पुढे तिघेही सिनेटर, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचे सदस्य, झाले, पण ते दोघे डोल यांच्या विरोधी पक्षाचे. त्या इमारतीला आज तिघांचं मिळून नाव आहे. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

डोल डाव्या हाताने लिहायला शिकले, वकील झाले, १९६१ मध्ये प्रतिनिधिगृहात आणि १९६९ मध्ये सिनेटमध्ये पोचले. उजव्या मुठीत ते कायम पेन धरत, म्हणजे समोरचा माणूस तो हात धरायला जात नसे. लोक या पेनाचंच कौतुक सांगत बसतात. आपल्यातला कोणी निवडून आला की त्याच्या जिद्दीचे सत्कार होतात, पण सभागृहात त्याने काय केलं हे कोणी विचारत नाही. मला तेच विचारायचं असतं.

सिनेटमधलं पहिलं भाषण त्यांनी जखमी झाल्याच्या तारखेलाच, १४ एप्रिल १९६९ रोजी केलं आणि विषय घेतला अपंगांचा. २६ जुलै १९९० रोजी अमेरिकेत अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला, त्यामागे त्यांचं बळ होतं. खर्चाला नाक मुरडणाऱ्या स्वपक्षीयांना पटेल असा युक्तिवाद त्यांच्याकडे होता: काम द्या, अडथळे काढा, माणूस स्वतः कमावेल. आमच्या मागण्या दयेच्या भाषेत मांडणाऱ्या कितीतरी भाषणांपेक्षा मला हे जवळचं वाटतं.

आणि मग ४ डिसेंबर २०१२. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराला मान्यता देण्यासाठी मतदान होतं. भारताने हा करार २००७ मध्येच मान्य केला होता. एकोणनव्वद वर्षांचे डोल, निवृत्त आणि आजारी, व्हीलचेअरवरून सिनेटमध्ये आले. त्यांच्या पक्षाचे सिनेटर येऊन भेटून गेले आणि त्यातल्या बहुतेकांनी विरोधात मत दिलं. बाजूने ६१, विरोधात ३८. मान्यतेला लागणाऱ्या दोन तृतीयांशाला पाच मतं कमी पडली. विरोध करणाऱ्यांत त्यांच्याच कॅन्ससचे दोन्ही सिनेटर होते. हे वाचताना मला आजही राग येतो. पण आपल्याच लोकांसमोर जाऊन हरण्याची तयारी किती जणांची असते?

आपल्याकडे नोटबंदीवरून संसद ठप्प असताना डिसेंबर २०१६ मध्ये दिव्यांग हक्कांचा कायदा दोन्ही सभागृहांत मंजूर झाला. विधेयक आधीच्या सरकारने आणलेलं, मंजूर झालं पुढच्या सरकारच्या काळात. सातऐवजी एकवीस प्रकारची दिव्यांगत्वं त्यात आली, सरकारी नोकऱ्यांतलं आरक्षण तीनवरून चार टक्क्यांवर गेलं. एका बाजूचेच लोक आपले मानले असते तर हे झालं नसतं.

म्हणून सिव्हिल लाइन्सला आमदार निवासात निवेदन घेऊन जाताना मी पोरांना सांगतो, ज्यांच्या सभेला आपण कधी जाणार नाही त्यांच्या खोलीतही जायचं. हार न्यायचा नाही. त्यांच्या पक्षाच्या बैठकीत हा विषय कोण काढणार, ते नाव विचारून यायचं.