तक्रार करायची कुणाकडे?

"काका, तुम्ही बोटीवर होतात, सगळी बंदरं बघितलीत. तिकडे लाच चालत नाही, मग इकडेच का चालते? आपली माणसंच वाईट का?" जयगडला कायमचा घरी आल्यापासून हे मला कितीतरी जणांनी विचारलंय.

माणसं वाईट नाहीत. एका बंदरात तपासणीला येणाऱ्या साहेबांसाठी आमचा कॅप्टन सिगारेटची खोकी काढून ठेवायचा. सिंगापूर आलं की तीच खोकी कपाटात, कुलूपबंद. माणूस तोच, मधे फक्त आठवडाभराचा प्रवास.

हाँगकाँगचंच बघा. एके काळी, ब्रिटिशांच्या राज्यात, तिथे बंबवाले पाणी सोडण्याआधी पैसे मागत, रुग्णवाहिकावाले 'चहाचे पैसे' घेत. शब्दसुद्धा आपलाच! पोलीस खात होते आणि लाचेची चौकशी पोलिसांचीच एक शाखा करत होती. 1973 साली पीटर गॉडबर हा बडा पोलीस अधिकारी चौकशी चालू असताना इंग्लंडला पळाला, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले. 1974 मध्ये पोलिसांपासून पूर्ण वेगळा, थेट गव्हर्नरला जबाबदार असा आयोग नेमला गेला. गॉडबरला परत आणून 1975 साली तुरुंगात घातलं. पगारात न बसणारी मालमत्ता कुठून आली, याचा खुलासा तिथे अधिकाऱ्यालाच करावा लागतो. आणि तेव्हा गव्हर्नर लंडनहून नेमला जायचा, लोकांनी निवडलेला नसायचा. म्हणून नुसत्या निवडणुकांनी लाच जाते, असं मी म्हणणार नाही.

आपल्याकडे 1988 चा कायदा आहे. पण लाचलुचपत प्रतिबंधक विभाग राज्याच्या गृहखात्याखाली येतो, आणि 2018 च्या दुरुस्तीनं अधिकाऱ्याच्या निर्णयाची चौकशी करायला आधी सरकारची परवानगी लागेल असं ठरवलं. सापळ्यात रंगेहाथ पकडायला ती लागत नाही. म्हणजे पाचशे घेणारा सापडतो, एका सहीवर कोटी खाणारा निवांत. याचा मला मनापासून राग येतो.

तरी एक चांगली गोष्ट आपल्याकडे झाली. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर वारसनोंद करायला मी सात महिने खेटे घातले. "वजन ठेवा, होईल," असं सुचवण्यात आलं. शेवटी दहा रुपयांचं तिकीट लावून माहिती अधिकारात विचारलं: माझा अर्ज कुणाच्या टेबलावर, किती दिवस? तीस दिवसांत उत्तर दिलं नाही तर त्या अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये दंड होऊ शकतो, 25,000 पर्यंत.

बाविसाव्या दिवशी नोंद मंजूर झाली. टेबलापलीकडचा माणूस तोच होता.