टेबल सॉचे हरवलेले बोल्ट आणि झिजलेला नट

वापरलेला टेबल सॉ, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल पात्याने लाकूड कापणारे यंत्र, माझ्याकडे आला तेव्हा त्याची मोटर, पट्टा आणि ओतीव लोखंडाचे टेबल उत्तम स्थितीत होते. अडचण होती ती किरकोळ वाटणाऱ्या सुट्या भागांची. पाते आणि मोटर पेलून धरणारे ट्रनियन टेबलाच्या खालच्या बाजूला ज्या बोल्टांनी आवळलेले असते, त्यांपैकी एक बोल्ट नव्हताच आणि दुसऱ्याचे आटे गेले होते. पाते आवळणाऱ्या नटचे कोपरेही चुकीच्या मापाच्या पान्याने गोल झालेले होते.

प्लग काढून ठेवला आणि शाबूत असलेला एक बोल्ट मोजायला घेतला. व्हर्नियरवर, म्हणजे बारीक मापे घेण्याच्या साधनावर, व्यास ७.९ मिमीच्या आसपास आला, आणि खरी मेख इथेच आहे. ८ मिमीचा मेट्रिक बोल्ट आट्यांवर मोजला तर ८ मिमीपेक्षा किंचित कमीच भरतो, आणि ५/१६ इंची बोल्टचा मूळ व्यासच ७.९४ मिमी असतो. त्यामुळे केवळ व्यासावरून दोघांतला फरक ठरवता येत नाही. तो ठरतो पिचवरून, म्हणजे दोन आट्यांमधल्या अंतरावरून. ८ मिमीच्या नेहमीच्या बोल्टमध्ये हे अंतर १.२५ मिमी असते, तर इंचाला १८ आटे असलेल्या ५/१६ इंची बोल्टमध्ये ते १.४१ मिमी असते. एका आट्यावर हा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण दहा आट्यांवर मोजला की १२.५ आणि १४.१ मिमी अशी दोन स्पष्ट उत्तरे मिळतात. माझा बोल्ट इंची निघाला. मेट्रिक बोल्ट त्या भोकात एखाददुसरा फेरा सहज गेला असता आणि पुढे पान्याचा जोर लावल्यावर टेबलातले आटे कायमचे खराब झाले असते. बोल्ट बदलता येतो, टेबल नाही. म्हणून नवा बोल्ट आधी बोटांनीच पूर्ण आत जातो का, हे पाहणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

लांबीकडेही तितकेच लक्ष द्यावे लागते. भोक आरपार नसेल, तर जास्त लांब बोल्ट तळाला टेकतो, पान्याला घट्ट लागतो, आणि प्रत्यक्षात ट्रनियन सैलच राहते. मी डोक्यावर तीन रेघा असलेले, म्हणजे ग्रेड ५ (बोल्टच्या ताकदीची एक श्रेणी) चे, मूळ लांबीचे बोल्ट घेतले. पाते सरळ करण्यासाठी ट्रनियनची भोके मुद्दाम सैल ठेवलेली असल्याने बोल्टांच्या डोक्यांखाली जाड वॉशर घातले. भोकांतली जुनी चिकट घाण तेल आणि तारेच्या ब्रशने काढली.

पात्याच्या नटबाबत मात्र जुळवाजुळव नको, असे माझे ठाम मत आहे. पुस्तिकेतल्या आकृतीवरून भाग क्रमांक शोधला आणि नट व बाहेरचे वॉशर दोन्ही मूळ उत्पादकाचेच मागवले. या नटचे आटे असे असतात की पाते ज्या दिशेने फिरते त्या दिशेने नट फिरवला तर तो सुटतो. त्यामुळे लाकूड कापताना पात्यावर येणारा विरोध नटला सैल न करता आवळतच राहतो. हे ध्यानात असले, की आटे उजवे की डावे हा गोंधळ होत नाही.

ट्रनियनचे बोल्ट सोडले की पात्याची दिशा हलतेच, म्हणून शेवटचे काम मोजमापाचे होते. टेबलाच्या खाचेत पुढेमागे सरकणाऱ्या माइटर गेजला डायल गेज (बारीक फरक काट्यावर दाखवणारे मापक) बांधले, पात्याच्या एका दातावर खूण केली, तोच दात आधी पुढे आणि मग हाताने फिरवून मागे नेऊन दोन्ही ठिकाणी माप घेतले. दात तोच ठेवल्याने पात्याचा स्वतःचा वाकडेपणा मापात मिसळत नाही. लाकडी हातोडीने ट्रनियनला हलके ठोके देत फरक ०.१ मिमीच्या आत आणला. बोल्ट आळीपाळीने थोडेथोडे आवळले, कारण एकच बोल्ट एकदम आवळला तर साधलेली दिशा पुन्हा सरकते. पात्याची मागची बाजू फेन्सकडे, म्हणजे लाकूड ज्याला टेकवून सरकवतात त्या पट्टीकडे, झुकलेली राहिली, तर लाकूड दोहोंमध्ये दाबले जाऊन कापणाऱ्याच्या अंगावर उसळू शकते. त्यामुळे इथे घाई करण्यात अर्थ नव्हता. सर्व आवळून झाल्यावर पाते ४५ अंशांवर झुकवून तेच माप पुन्हा घेतले, रायव्हिंग नाइफ (पात्यामागची, कापलेली फट उघडी ठेवणारी पट्टी) पात्याच्या रेषेत असल्याची खात्री केली आणि मगच प्लग लावला. थोडे काम झाल्यावर ट्रनियनचे बोल्ट पुन्हा पान्याने तपासले. ते जागचे हलले नव्हते.